घोड्यांच्या पैदाशीवर घर चालतं का?

दौंडकडच्या एका तरुण मुलाने विचारलंय. वय २८, पुण्यात कंपनीत नोकरी, गावाकडं ४ एकर बागायत, विहिरीला बारमाही पाणी, आईवडील गावी, बायकोची गावी राहायची तयारी, आणि साठवलेले १२ लाख. गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाऊन आलाय आणि तेव्हापासनं डोक्यात बसलंय की नोकरी सोडायची, ७-८ लाखाचा एक नाव असलेला मारवाडी जातीचा वळू (पैदाशीचा नर घोडा) घ्यायचा, लोकांच्या घोड्या भरवून (वळू देऊन गाभण करून) पैसे घ्यायचे आणि उरलेल्या पैशात दोन घोड्या घ्यायच्या. जमेल का, आणि माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, असा प्रश्न आहे.

जमतं. आमचं घर त्यावरच चालू आहे, आजोबांच्या वेळेपासनं दारात घोडी आहे आणि मी स्वतः गेली कित्येक वर्षं दुसरं काही केलेलं नाही. पण तुम्ही ज्या क्रमाने मांडलंय त्या क्रमाने नाही जमणार. वळू घेऊ नका. नोकरी इतक्यात सोडू नका. १२ लाखातले निम्मेच जनावरात आणि पागेत घाला, निम्मे बँकेत राहू द्या, कारण पहिली तीन वर्षं घोड्या तुम्हाला पोसणार नाहीत, तुम्ही त्यांना पोसणार आहात, आणि ज्यांनी ही तीन वर्षं हिशोबात धरली नाहीत ती पोरं चौथ्या वर्षी मिळेल त्या भावात सगळं विकून मोकळी झालेली मी बघितली आहेत.

आधी हिशोब करू, मग बाकीचं. घोडीचं गाभणपण ११ महिन्यांचं, साधारण ३४० दिवस, दोन-तीन आठवडे इकडंतिकडं होतात. हिवाळ्यात बऱ्याच घोड्या थंड पडतात, दिवस मोठा व्हायला लागला की म्हणजे फेब्रुवारीपासनं पुढं नीट माजावर येतात, २१ दिवसांचं चक्र आणि त्यातले ५ ते ७ दिवस माज. आता एखादं-दुसरं चक्र वाया जातंच, एखादी गाभ टाकते, एखाद्या वर्षी डॉक्टरच सांगतो की हिला यंदा विश्रांती द्या. म्हणून कागदावर वर्षाला एक शिंगरू दिसत असलं तरी तुम्ही तीन वर्षांत दोन धरा. कोणी तुम्हाला एका घोडीमागं दरवर्षी एक शिंगरू असं गणित करून दाखवत असेल तर तो काहीतरी विकायला आलेला असतो.

खर्चाचं म्हणाल तर माझ्याकडं एका मोठ्या घोडीला दिवसाला ८-१० किलो लसूणघास, ४-५ किलो कडबा नाहीतर वाळलेलं गवत, अडीच किलोच्या आसपास दाणा, वर खनिज मिश्रण आणि मीठ असं जातं. घास आणि कडबा घरचा असला तरी फुकट धरू नका, त्याला पाणी, खत, मजूर लागतोच आणि त्या जागेत ऊस झाला असता. सगळं बाजारभावानं धरलं तर दिवसाला दोनशेच्या खाली येत नाही, त्यात नालबंद, जंताचं औषध, लस, डॉक्टर मिळवला की महिन्याला साडेसात-आठ हजार एका घोडीमागं, मोतद्दाराचा (घोड्यांची देखभाल करणाऱ्याचा) पगार सोडून. दोन घोड्या आणि त्यांची शिंगरं म्हणजे वर्षाला अडीच लाख समजा.

आणि रिकामी घोडी घेतलीत तर यंदा भरवणार, पुढच्या वर्षी विणार, शिंगरू विकायच्या लायक व्हायला आणखी वर्ष, म्हणजे पहिला पैसा तिसऱ्या वर्षी. म्हणून माझं म्हणणं असं की गाभण घोडी घ्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे पायाशी शिंगरू असलेली आणि परत गाभण राहिलेली. थोडी महाग पडते, पण ती विते, दूध पाजते आणि परत गाभ धरते हे तिन्ही तिथंच सिद्ध झालेलं असतं. नुसत्या देखण्या, ५-६ वर्षांच्या, कधीच न व्यालेल्या घोडीला लोक भुलतात, पण ती का व्यालेली नाही हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

शिंगराच्या किमतीत एवढा फरक आहे की नवीन माणूस चक्रावतो. बिनकागदाचं, आईबाप माहीत नसलेलं, माणसाला बुजणारं वर्षाचं शिंगरू तीस-चाळीस हजारालाही जातं. नोंदणी झालेलं, घराणं माहीत असलेलं, उंची धरणारं, हात लावू देणारं शिंगरू दोन-अडीच लाखाला जातं आणि एखादं त्याहून बरंच वर. दोघांच्या खाण्याचा खर्च एकच आहे. तुमचं घर चालणार की नाही हे इथंच ठरतं, आणि हा फरक ऐंशी टक्के घोडीमुळं आणि तुमच्या हातामुळं पडतो असं माझं ठाम मत आहे.

सारंगखेड्याला दरवर्षी कोट्यवधीची किंमत लागलेल्या घोड्याच्या बातम्या येतात, तुम्हीही त्याचे व्हिडिओ बघितले असतील. ती मालकानं सांगितलेली किंमत असते, त्या किमतीला सौदा झाला का ते त्याच बातमीत शोधून बघा. तो घोडा बहुतेक वेळा विकायला आणलेलाच नसतो, त्याचं नाव व्हावं म्हणून आणलेला असतो, त्यात गैर काही नाही, पण तुमचा हिशोब त्याच्यावर बसवू नका. खरा बाजार तापीच्या काठावर त्या रोषणाईच्या मागं भरतो, पहाटे, हेडे (जनावरांचे दलाल) आणि शेतकरी यांच्यात, पन्नास हजार ते तीन लाखाच्या मधे. तिथं दोन दिवस नुसते उभे राहा, काही घेऊ नका. दत्तजयंतीला सारंगखेडा झालं की मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा असते, तिथंही जाऊन या. अकलूजचा बाजार आपल्याला जवळचा. तीन बाजार बघितल्यावर भाव आपोआप डोक्यात बसतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून ३ लाख ४० हजार राहिली, २०१२ ला ती सव्वासहा लाख होती, म्हणजे सात वर्षांत ४५ टक्क्यांच्या वर घट. हे वाचून लोक घाबरतात. मी याचा अर्थ असा लावतो की टांग्याचं, ओझ्याचं जनावर गेलं. जे राहिलं ते हौशीचं, वरातीचं, रपेटीचं, आणि त्याला पैसे देणारा माणूस वेगळा आहे, तो जनावर निवडून घेतो. साधं जनावर पैदा करणाऱ्याला आता गिऱ्हाईक नाही, पहिल्यासारखं कुणीही काहीही घेऊन जाईल ते दिवस गेले.

आता वळू. तुम्हाला वाटतं वळू म्हणजे दर आठवड्याला रोख पैसे. एक तर ७-८ लाखात मिळतो तो वळू बरा असतो, नाव असलेला नसतो, आणि लोक लांबून घोडी घेऊन येतात ते वळूच्या शिंगरांकडं बघून, वळूकडं बघून नाही. तुमच्या वळूची शिंगरं दिसायला तीन वर्षं लागणार, तोवर येतील त्या शेजारपाजारच्या बिनकागदाच्या घोड्या. दुसरं, वळू पोसणं म्हणजे वेगळी पागा, मजबूत कुंपण, रोज फिरवणं, आणि त्याला हाताळणारा जाणता माणूस. हंगामात माजावरच्या घोडीचा वास आला की चांगला शांत वळूही बदलतो, तुमचे वडील किंवा बायको त्याला एकट्यानं पाण्यावर नेऊ शकणार नाहीत, आणि बाहेरच्या घोड्या दारात यायला लागल्या की त्यांच्याबरोबर रोगही येतो. तिसरं, स्वतःचा वळू असला की माणूस सगळ्या घोड्यांना तोच देतो, मग त्याच्याच लेकींना परत तोच, आणि दोन पिढ्यांत जनावर बसतं. लांब मानेच्या पण पाठ कमकुवत असलेल्या घोडीला एक वळू लागतो, खुज्या घोडीला दुसरा. फी भरून प्रत्येकीला तिच्या जोगा वळू निवडायची मोकळीक हीच लहान माणसाची ताकद आहे, ती ७ लाख देऊन घालवू नका. शिवाय हे क्षेत्र बदलतंय. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राचं बिकानेरला उपकेंद्र आहे, तिथं २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातनं मारवाडी शिंगरू जन्मलं, गोठवलेल्या वीर्यावरही तिथं काम चाललंय. उद्या राजस्थानातल्या चांगल्या वळूचं वीर्य आपल्याकडं सहज पोचायला लागलं तर मधल्या दर्जाच्या वळूला विचारणारच कोण.

कोणीतरी तुम्हाला रेसच्या थरोब्रेडचाही सल्ला देईल, पुणं जवळ आहे म्हणून. तो खेळ मोठ्या भांडवलाचा आहे, पूनावालांचा स्टड १९४६ पासनं चालू आहे, त्या पातळीवरच्या लोकांशी स्पर्धा आहे, नोंदणीसाठी कृत्रिम रेतन चालत नाही, आणि सगळ्या शिंगरांचं वय १ जानेवारीपासनं मोजतात त्यामुळं घोडी उशिरा व्याली तरी नुकसान. ४ एकरात तो विचार सोडून द्या.

घोडी कशी बघायची ते जरा सविस्तर लिहितो कारण सगळं तिथंच आहे. बाजारात पहाटे जा, खरारा व्हायच्या आधी, तेलपाणी आणि गोंडे चढायच्या आधी. घोडी बसलेली असेल तर कशी उठते बघा. दात बघायला शिका, अडीच वर्षाला दोन दात, साडेतीनला चार, साडेचार-पाचला सगळे दात येऊन जुळते, त्यापुढं दाताच्या झिजेवरनं अंदाज, आणि हेडी सांगेल त्यात दोन-तीन वर्षं मिळवा. मग तिला मऊ मातीवरनं काढून डांबरी रस्त्यावर दुडकीनं पळवायला सांगा आणि डोळे मिटून टापांचा आवाज ऐका. चारही टापा एका वजनानं पडल्या पाहिजेत. एक टाप हलकी पडली की कुठंतरी दुखतंय. दुखणं दबवायला इंजेक्शन मारून आणलेली जनावरं असतात, म्हणून आवडलेली घोडी दुसऱ्या दिवशी परत बघा, शक्यतो मालकाला न सांगता. चारही पायांवरनं गुडघ्यापासनं खाली हात फिरवा, एका जागी गरम लागलं तर थांबा. शेपटी उचलून मागची बाजू बघायला लाजू नका, योनीचा भाग सरळ उभा असला पाहिजे, आत ओढलेला किंवा तिरका झालेला असला की हवा आणि शेण आत जातं, गर्भाशयाला सूज येते आणि अशी घोडी गाभ धरत नाही. एवढं सगळं पास झालं की मग स्वतःचा डॉक्टर नेऊन सोनोग्राफी. विकणारा नको म्हणत असेल तर तिथनं निघा.

लोक आधी काय बघतात, तर कान आणि भोवरे. मारवाडीच्या कानांची टोकं जुळली पाहिजेत हे खरं आहे, जातीची खूण आहे, पण नुसत्या कानासाठी वाकड्या पायांची घोडी घेणारी माणसं बघून मला मनापासनं वाईट वाटतं. भोवऱ्याचं (अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचं) म्हणाल तर गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा असला की किंमत चढते आणि डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा असला की चांगल्या घोडीकडंही कोणी बघत नाही. भोवऱ्यानं घराचं बरंवाईट होतं असं मी मानत नाही, पण गिऱ्हाईक मानतं, आणि तुम्हाला त्याच बाजारात विकायचंय, तेव्हा शुभ-अशुभ भोवरे एखाद्या जुन्या माणसाकडनं शिकून घ्या. रंगाचंही तसंच, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंडावर पांढरं) आणि अबलखला (पांढऱ्या-रंगीत ठिगळांच्या) मागणी, वरातीसाठी नुकरा म्हणजे पांढरा लागतो. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, आपल्या उन्हात नाकाडावर आणि डोळ्याभोवती भाजते, त्याला सावली जास्त लागते हे घेताना कोणी सांगत नाही. उंचीचं वेड सध्या फार आहे, ६४-६५ इंच पाहिजेच म्हणतात. उंच घ्या, पण छाती आणि नळीचं हाड बघून घ्या, काटक्या पायांची उंच घोडी कामाची नाही.

भरवताना तारीख लिहून ठेवा. १४-१५ व्या दिवशी सोनोग्राफी करा, ती चुकवू नका, कारण घोडीला जुळं टिकत नाही, बहुतेक वेळा दोन्ही पडतात आणि कधीकधी घोडीही जाते, आणि त्या दोन-तीन दिवसांत कळलं तर डॉक्टर एक गर्भ काढून दुसरा वाचवू शकतो. उशीर झाला की तो मार्ग बंद.

विण्याची रात्र. रात्रच म्हणतोय कारण बहुतेक घोड्या रात्रीच वितात, माणसांची वर्दळ थांबल्यावर. दोन-चार आठवडे आधी कास भरायला लागते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचं मांस ढिलं पडतं, आणि सडांच्या टोकाला पिवळट मेणासारखा थेंब दिसला की एक-दोन दिवसांत. त्या दिवसापासनं कोणीतरी पागेशेजारी झोपायचं, मोबाईलवर बघता येणारा कॅमेरा लावलात तर फार सोय होते. घोडी उठबस करते, घाम येतो, पोटाकडं बघते, आणि पाणी फुटलं की पुढचं सगळं २०-३० मिनिटांत. गायीसारखे तास-दोन तास नसतात. पांढुरका पडदा दिसला पाहिजे, त्यात दोन पुढचे खुर, एक किंचित पुढं एक मागं, आणि त्यावर नाक. एवढं दिसलं की हात मागं घ्या आणि शांत बसा. पांढऱ्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर मात्र एक सेकंद थांबायचं नाही, ती फाडायची आणि शिंगरू ओढायला लागायचं, कारण वार आधी सुटलीय आणि आत त्याला प्राणवायू मिळत नाहीये. डॉक्टरला फोन दुसऱ्यानं लावायचा.

शिंगरू बाहेर पडलं की नाळ कापायची घाई नको, घोडी उठताना ती आपली तुटते, तिच्या टोकाला पातळ केलेलं आयोडीन लावा. मग बघत बसा, यातनं जे शिकायला मिळतं ते कुठं शिकायला मिळत नाही. चारही लांब पाय चार दिशांना जातात, उठतं, पडतं, परत उठतं, आणि उभं राहिलं की आधी भिंत चोखतं, आईची मांडी चोखतं, पुढच्या पायांमध्ये तोंड घालतं. तुम्ही धरून तोंड कासेला लावायला गेलात की ते उलटा जोर करतं, त्यापेक्षा मागनं हलकं टेकवून उभं राहा आणि घोडीला कोपऱ्यात स्थिर धरा. तासाभरात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार, हे तीन आकडे पागेच्या भिंतीवर लिहून ठेवा. शिंगराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, सगळी चिकातनं येते, आणि पहिल्या काही तासांनंतर आतड्याची ती घ्यायची ताकद उतरत जाते, दिवसभरात संपते. म्हणून सहा तासांच्या आत पोटभर चीक गेलाच पाहिजे. चीक आधीच गळून गेलेला असेल तर दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक लागतो, तो आधीपासनं ठेवावा. वार तीन तासांत पडली नाही तर ओढायची नाही, टाचेच्या वर गाठ मारून ठेवायची आणि डॉक्टर बोलवायचा, आत तुकडा राहिला की ताप येतो आणि खुरांत उतरतं, मग घोडी कायमची जाते.

खाण्याबद्दल आपल्याकडं फार गैरसमज आहेत. घोडा म्हणजे हरभरा, एवढंच लोकांना माहीत. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्याला दिवसभर थोडंथोडं चघळायला पाहिजे, दोन वेळा घमेलंभर दाणा टाकून बारा तास उपाशी उभं केलं की पोटशूळ ठरलेला. चारा आधी, दाणा नंतर, आणि दाण्याचे तीन भाग करा. नुसता गव्हाचा कोंडा आणि हत्ती गवत यावर घोडी ठेवू नका, कोंड्यात फॉस्फरस फार आणि हत्ती गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम शरीराला मिळू देत नाही, मग हाडातनं कॅल्शियम निघतं, तोंड सुजल्यासारखं दिसायला लागतं आणि घोडी बिनकारण लंगडते. गाभण घोडीत आणि शिंगरात याचं नुकसान दुप्पट. लसूणघासानं हे बऱ्यापैकी सांभाळलं जातं. आणि एक गोष्ट ठळक सांगतो, गायीम्हशीची किंवा कोंबडीची गोळीपेंड घोड्याच्या तोबऱ्यात कधीही जाऊ देऊ नका, त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबडीला गायीला ते चालतं, घोडा थोड्याशा मात्रेनंही मरतो. घरात गायी आहेत तर पेंडीची कोठी वेगळी आणि कुलपात. काळी पडलेली, बुरशी लागलेली वैरणही नको, गाय खाते म्हणून घोड्याला चालेल असं नसतं.

घोडी घ्यायच्या आधी डॉक्टर शोधा. तालुक्याचे बहुतेक डॉक्टर गायीम्हशीत हुशार असतात पण घोड्याला नाकातनं नळी घालून पोट मोकळं करणारे फार कमी. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोट फुगलं की ती नळीच जीव वाचवते. पन्नास किलोमीटरच्या आत असा माणूस कोण आहे, रात्री फोन उचलतो का, हे आधी बघा. तुमच्याकडनं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय फार लांब नाही, मुंबईत परळचं आहे, ओळखी करून ठेवा. धनुर्वाताची लस सगळ्यांना, आणि गाभण घोडीला विण्याच्या महिना-दीड महिना आधी परत, म्हणजे चिकातनं शिंगराला मिळते. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढतात तेव्हा ताप येऊन जाऊन राहिला, अंग उतरलं, पायावर सूज आली तर सर्रा (माश्यांमुळं पसरणारा रक्तातला रोग) आहे का म्हणून रक्त तपासून घ्या.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाबद्दल हलगर्जीपणा नको. तो माणसालाही होतो, त्याच्यावर जनावराला उपचार करत नाहीत, तपासणीत पक्का निघाला तर कायद्यानं घोडा मारावाच लागतो. नुकसानभरपाई मिळते पण लाखाच्या घोडीची किंमत त्यातनं भरून येत नाही. म्हणून विकत घेताना ताजा तपासणी अहवाल बघा, बाजारात पाण्याची सामाईक टाकी वापरू नका, स्वतःची बादली न्या, आणि आणलेली घोडी तीन-चार आठवडे बाकीच्यांपासनं लांब ठेवा.

आता पैसा येतो कुठनं. नुसत्या शिंगरांच्या विक्रीवर दोन-तीन घोड्यांचं घर चालत नाही, हे लोक उघड बोलत नाहीत म्हणून मी बोलतो. आमच्याकडं शिंगरांबरोबर दुसऱ्यांची जनावरं सांभाळायला येतात, पुण्यातल्या हौशी माणसाकडं घोडा घ्यायला पैसा असतो, ठेवायला जागा नसते, त्याचं महिन्याचं ठरलेलं भाडं येतं, आणि तेच खरे चुलीचे पैसे आहेत. अडीच-तीन वर्षांची जनावरं फिरवून, लगामाला लावून, बसायला तयार करून द्यायचं काम आहे. शनिवार-रविवार मुलांना घोडेस्वारी शिकवता येते, त्याला शांत, जुळलेली घोडी लागते. लग्नसराईत वरात आहे, पण वरातीला गाभण घोडी कधीही काढू नका, डीजे आणि फटाक्यात गाभ जाते. आणि नाचकामाच्या नावाखाली जनावराला खांबाला बांधून मारून शिकवतात त्या वाटेला जाऊ नका. चार पैसे जास्त मिळतात म्हणून लोक करतात, मला ते बघवत नाही, आणि तसं शिकवलेलं जनावर पुढं लहान मुलाजवळ द्यायच्या लायक राहत नाही.

शिंगराची किंमत वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तुमच्या घरच्यांचा रोजचा अर्धा तास. पहिल्या आठवड्यापासनं अंगावर हात, महिन्याभरात मोरखी (तोंडाला बांधायची दोरी), चारही पाय उचलून धरू देणं, खुरांवर टकटक, ट्रेलरमध्ये चढणं. हे सगळं येणारं वर्षाचं शिंगरू आणि कोपऱ्यात लाथा झाडणारं शिंगरू यांच्यात गिऱ्हाईक स्वतःहून लाखाचा फरक करतं. तुमच्या बायकोला आवड असेल तर हे काम त्यांच्याकडं जाऊ द्या, आमच्या घरात शिंगरं बायकांच्या हाताखालीच वाढतात आणि ती जास्त शांत निघतात. पण दोन वर्षांच्या आत पाठीवर माणूस चढवू नका, कोणी कितीही पैसे देऊ केले तरी, पाठ आणि गुडघे तयार नसतात.

तुम्ही दौंडचे, म्हणजे भीमेच्या काठचे, तर भीमथडी जातीच्या घोडीकडंही बघा असं मला आवर्जून सांगायचंय. मराठ्यांच्या फौजा याच जनावरावर फिरल्या, आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर सामान घेऊन हीच घोडी चालते, आणि हल्ली तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळालीय. उंचीला कमी, पण खुर दगडासारखे, कमी चाऱ्यात राहणारी, आपल्या हवेत कधी कुरकुर न करणारी. मारवाडीच्या भावानं विकली जात नाही, हे मान्य. पण मुलांच्या घोडेस्वारीला, डोंगरातल्या रपेटीला तिच्यासारखी घोडी नाही आणि दोन चांगल्या भीमथड्या मिळून एका मध्यम मारवाडीहून स्वस्त पडतात. मी तुमच्या जागी असतो तर एकेक करत दोन मारवाडी आणि एक भीमथडी जमवली असती.

अनुदानाचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून, केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट घेतले, ५० टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त ५० लाख. ते मोठ्या प्रकल्पाला आहे, बँक, प्रकल्प अहवाल, तपासणी यातनं हप्त्यानं येतं. तालुक्याच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडं चौकशी जरूर करा, पण अनुदान येणार म्हणून आज जास्तीच्या घोड्या घेऊ नका.

तर मी असं केलं असतं. पावसाळा संपला की अर्धा एकर लसूणघास लावला असता, तीन खणांची साधी पागा, प्रत्येक खण निदान १२ बाय १२ फूट, पत्रा उंच आणि खाली मुरूम, फरशी नाही, आणि शेजारी शिंगरांना पळायला निदान एक एकर मोकळं रान, कुंपणाला काटेरी तार अजिबात नाही. नोकरी चालू ठेवून शनिवार-रविवार एखाद्या चालू पागेत फुकट शेण काढलं असतं, तीन-चार महिने तरी, तेवढ्यात कळतं आपल्याला हे झेपतंय का. डिसेंबरात बाजारांत फिरून पण शक्यतो बाजाराबाहेर, पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन, तिची आई आणि आधीची शिंगरं बघून एकच गाभण घोडी घेतली असती. ती दारात व्याली, शिंगरू उभं राहिलं, मग दुसरी. घोडी गाडीत चढायच्या आधी नोंदणीचे कागद, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर मशीनवर जुळवून, ग्लँडर्सचा अहवाल आणि कोणत्या वळूनं कधी भरवलीय त्याचा सहीचा कागद, एवढं हातात घ्या. नंतर पाठवतो म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.